तालुक्याच्या कॉलेजातून पुढे वाट जाते का?

प्रश्न : अमेरिकेत राहणारे आमचे एक नातेवाईक सांगत होते, की तिथे साध्या घरातली मुले आधी 'कम्युनिटी कॉलेज'मध्ये दोन वर्षे शिकतात. फी कमी, घरून येऊन-जाऊन शिक्षण, आणि मग तिथूनच मोठ्या विद्यापीठात प्रवेश. आपल्याकडे असे काही आहे का? आमच्या तालुक्याला कॉलेज आहे, पण तिथून बी.ए. झालेली मुले पुढे अभ्यासिकेत बसलेली नाहीतर सुप्याच्या एमआयडीसीत कंत्राटी कामावर दिसतात. मग या कॉलेजांमुळे गरीब-श्रीमंतातले अंतर कमी झाले असे म्हणायचे का?
— एक वाचक, पाथर्डी तालुका

उत्तर : अंतर कमी झाले, पण एका टप्प्यापर्यंतच. त्या टप्प्याच्या पुढे ते नव्या जागी जाऊन उभे राहिले. हे कसे घडले ते नगर जिल्ह्याच्या इतिहासात फार स्पष्ट दिसते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या नातेवाइकांनी सांगितलेली व्यवस्था खरी आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात जोलिएट या गावी १९०१ मध्ये असे पहिले सार्वजनिक कॉलेज निघाले. सुरुवातीला विद्यार्थी होते सहा. पदवीची पहिली दोन वर्षे गावातच पुरी करायची आणि मग विद्यापीठात जायचे, ही कल्पना. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशी कॉलेजे देशभर काढावीत असे सांगितले आणि ती झपाट्याने वाढली.

आपल्याकडेही 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव आले. १९९५ मध्ये पाँडिचेरी विद्यापीठाने ते प्रथम वापरले, २००९ मध्ये इग्नूने योजना काढली, २०१३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने. पण या सगळ्यांचा रोख अल्पमुदतीच्या कौशल्य अभ्यासक्रमांवर राहिला. अमेरिकेतले कम्युनिटी कॉलेज समाजात जे काम करते, म्हणजे ज्याच्या घरात आधी कोणी कॉलेजची पायरी चढले नाही त्याला पहिल्यांदा आत घेणे, ते काम आपल्याकडे तालुक्याच्या साध्या कला-विज्ञान-वाणिज्य महाविद्यालयाने केले. म्हणून तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच शोधायला हवे.

१९४७ पर्यंत नगर जिल्ह्यात पदवीचे कॉलेज नव्हते. मॅट्रिक झालेल्या मुलाने पुण्याला जायचे, नाहीतर मास्तरकी किंवा तलाठ्याची नोकरी धरायची. सव्वाशे किलोमीटरवरच्या पुण्यात खोली, खानावळ आणि फी कोणाला परवडत होती, हे सांगायला नको. ट्रूमन आयोगाचा अहवाल आला त्याच वर्षी डॉ. भा. पां. हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज सुरू केले. हिवाळे अमेरिकेत हार्वर्डला शिकून आलेले; पुण्या-मुंबईत त्यांना सहज मानाची जागा मिळाली असती. त्यांनी नगर निवडले. या शहरात अमेरिकन मराठी मिशनच्या शाळांची शंभर वर्षांहून जुनी परंपरा होती. सिंथिया फरार यांच्या इथल्याच शाळेत सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे घेतले होते. मुलींना आणि खालच्या मानलेल्या जातींना शिकवण्याची सवय या शहराला होती, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत जिल्ह्यात जे घडले ते महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी घडले. १९६० मध्ये श्रीरामपूरला रयत शिक्षण संस्थेचे बोरावके कॉलेज, १९६१ मध्ये संगमनेर कॉलेज, १९६४ मध्ये कर्जतला दादा पाटील महाविद्यालय, १९६५ मध्ये कोपरगावला सद्‌गुरू गंगागीर महाराज महाविद्यालय, १९७० मध्ये नगरला न्यू आर्ट्स आणि १९७१ मध्ये प्रवरानगरला पद्मश्री विखे पाटील महाविद्यालय. यातले श्रीरामपूर, कर्जत आणि कोपरगाव रयतचे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काल्यात सुरू केलेल्या संस्थेचा गाभा 'कमवा आणि शिका' हा होता. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने श्रम द्यावेत, पण शिक्षण थांबवू नये. नगरच्या शेतकऱ्याला ही भाषा लगेच कळली.

पैसा आला उसातून. विठ्ठलराव विखे पाटलांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांना सोबत घेऊन प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९६४ मध्ये प्रवरा ग्रामीण शिक्षण संस्था स्थापन झाली. उत्तर नगरमध्ये पुढे हीच रीत पडली : कारखाना, त्याच्याभोवती शाळा, मग कॉलेज, मग तंत्रनिकेतन आणि अभियांत्रिकी. शेतकऱ्याच्या उसाच्या बिलातून कपात व्हायची आणि त्यातून वर्गखोल्या उभ्या राहायच्या. या कपातीवर टीका पुष्कळ झाली, संस्था काही घराण्यांच्या हाती गेल्या हेही खरे. पण त्या वर्गखोल्यांत पहिली पिढी शिकली, हे त्याहून मोठे आहे असे मी मानतो.

इथेच पहिली विषमता दिसते. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी राहाता, श्रीरामपूर, राहुरी भिजवले. जिथे पाणी तिथे ऊस, जिथे ऊस तिथे कारखाना, जिथे कारखाना तिथे कॉलेज. पाथर्डी, जामखेड, पारनेर, शेवगावचा बराचसा भाग कोरडा राहिला आणि शिक्षणाच्या सोयीतही मागे पडला. कर्जत हा अपवाद. तिथे उसाचा पैसा नव्हता तेव्हा रयत पोचली. आज सगळ्या तालुक्यांना कॉलेज आहे, पाथर्डीला बाबूजी आव्हाड महाविद्यालय आहे. पण एका भागाला मिळालेली दीड-दोन पिढ्यांची आघाडी आजही प्रवेशाच्या याद्यांत, नोकरीत, अगदी कोणाचा मामा पुण्यात आहे आणि कोणाचा नाही यातही दिसते.

तालुक्याच्या कॉलेजाचा सर्वांत मोठा लाभ मुलींना झाला. जो बाप मुलीला पुण्याच्या वसतिगृहात पाठवायला कधी तयार झाला नसता, तो तिला सकाळच्या एसटीने तालुक्याला जाऊ देतो, कारण ती संध्याकाळी घरी येणार असते. म्हणून माझ्या मते तालुक्याच्या कॉलेजाची खरी हद्द इमारतीच्या कुंपणावर संपत नाही, एसटी जिथपर्यंत जाते तिथपर्यंत ती असते. आपल्या राज्यात ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. योजनेला नाव अहिल्यादेवी होळकरांचे, आणि अहिल्यादेवी आपल्याच जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. पण बारावीनंतर, म्हणजे कॉलेजची पदवी सुरू होते नेमक्या त्या वर्षी, हा मोफत पास संपतो आणि सवलतीच्या पासाचे का होईना पैसे भरावे लागतात. रक्कम फार मोठी नाही. पण ज्या घरात धाकटा भाऊ दहावीला आहे आणि एकाच मुलाचा खर्च झेपणार आहे, तिथे अशा रकमांवरच निर्णय होतात. हा पास पदवीपर्यंत मोफत व्हायला हवा. एवढ्या कमी खर्चात एवढ्या मुलींना शिक्षणात टिकवणारी दुसरी उपाययोजना मला दिसत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा अवघड भाग. एवढी कॉलेजे झाली तरी मुले अभ्यासिकेत का बसली आहेत?

सॅम्युअल लुकास या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने २००१ मध्ये एक मुद्दा मांडला. शिक्षणाचा एखादा टप्पा सगळ्यांसाठी खुला झाला, की सुस्थितीतली कुटुंबे त्याच टप्प्यातला अधिक चांगला प्रकार आपल्या मुलांसाठी मिळवतात. आधी प्रश्न असतो 'कॉलेजात कोण गेले?' हा, नंतर तो 'कोणत्या कॉलेजात, कोणत्या विषयाला गेले?' असा होतो. आपल्याकडे हे डोळ्यांसमोर घडले. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि ज्यांच्याकडे फी होती त्यांची मुले तिकडे वळली. आज गावातला बागायतदार दहावीनंतरच मुलाला लातूर, पुणे किंवा कोट्याला पाठवतो. अकरावी-बारावीचे नाव एखाद्या 'इंटिग्रेटेड' कॉलेजात, प्रत्यक्ष शिकणे क्लासमध्ये. त्याच गावातला कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा तालुक्याला बी.ए.ला असतो. दोघेही आकडेवारीत 'उच्च शिक्षण घेणारे' म्हणूनच मोजले जातात. २०२१-२२ च्या केंद्रीय पाहणीनुसार देशात १८ ते २३ वयोगटातल्या दर १०० जणांमागे उच्च शिक्षणातल्या नोंदणीचे प्रमाण सुमारे २८ आहे आणि पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी एक तृतीयांश कला शाखेत आहेत. त्या तिसऱ्या हिश्शात कोणाची मुले आहेत, हे तालुक्याच्या कोणत्याही प्राध्यापकाला विचारा.

एकाच इमारतीतही भेद असतो. बी.ए. मराठी किंवा इतिहासाची तुकडी अनुदानित, तिची फी थोडी. पण बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स, बीबीए-सीए हे नोकरीच्या जवळ नेणारे अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित, त्यांची फी कित्येक पट. म्हणजे ज्याला लवकर कमवायची गरज सर्वांत जास्त, त्यालाच कमाईच्या जवळचा विषय महाग. शिवाय निवृत्त झालेल्या प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत. तिथे 'सीएचबी'वर, म्हणजे तासिका तत्त्वावर, नेट-सेट झालेली, पीएच.डी. झालेली माणसे शिकवतात आणि पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे त्यांना ठाऊक नसते. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला सर्वांत जास्त गरज असते ती त्याला तीन वर्षे नावाने ओळखणाऱ्या, कुठला फॉर्म कधी भरायचा हे सांगणाऱ्या शिक्षकाची. घरात ते सांगणारे कोणी नसते. शिक्षकच हंगामी झाला, की नुकसान सर्वांत आधी याच मुलाचे होते.

पाथर्डीकर म्हणून तुम्हाला हंगामाचा दुसरा अर्थही माहीत आहे. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे कारखान्यांकडे निघतात ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. पहिल्या सत्राची परीक्षा आणि ऊसतोडणीची सुरुवात जवळजवळ एकाच वेळी येते. कोयता पुरा व्हावा, म्हणजे नवरा-बायकोची जोडी व्हावी, म्हणून हंगामाआधी लवकर लग्न उरकलेल्या मुली या पट्ट्यात आहेत. त्यांच्यासाठी कॉलेज पाच किलोमीटरवर आहे की पन्नास, याने फरक पडत नाही. शासनाने २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे, आणि पहिल्या टप्प्यात पाथर्डी व जामखेडही. ही योजना पूर्ण ताकदीने चालणे या भागासाठी नव्या कॉलेजापेक्षा महत्त्वाचे आहे.

अमेरिकेचेही सगळे गोड नाही, हे तुमच्या नातेवाइकांना सांगा. तिथे कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्या पाचांतल्या सुमारे चौघांना पुढे पूर्ण पदवी हवी असते. सहा वर्षांत ती हाती पडते सहांतल्या जेमतेम एकाला. बर्टन क्लार्क या अभ्यासकाने १९६० मध्येच लिहिले होते, की ही कॉलेजे मुलांची मोठी आकांक्षा हळूहळू थंड करण्याचेही काम करतात; मुलगा मग स्वतःलाच कमी समजतो, व्यवस्थेला दोष देत नाही. तरी त्यांच्याकडे एक गोष्ट लिखित आहे : कॅलिफोर्नियासारख्या राज्यात १९६० पासून कम्युनिटी कॉलेजातून राज्याच्या विद्यापीठात जाण्याचा मार्ग धोरणातच आखलेला आहे. आपल्या तालुक्याच्या कॉलेजात हुशार ठरलेल्या मुलीला दुसऱ्या वर्षी पुण्याच्या नामवंत कॉलेजात हक्काने जागा मिळेल, असा मार्ग आपण आखला नाही. दार जवळ आणले, पण आतून वर जाणारा जिना बांधायचा राहिला.

तुमचा तालुका मागे आहे तो तिथली मुले कमी पडतात म्हणून नाही, एवढे मी खात्रीने सांगतो.

प्रश्न : नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते असे ऐकले. आमच्या डोंगरातल्या मुलांसाठी हे चांगले आहे का?
— एक शिक्षिका, अकोले तालुका

उत्तर : बाई, नियम असा आहे : एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चौथ्या वर्षी ऑनर्स. मध्ये बाहेर पडणाऱ्याला एक छोटा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करावी लागते, आणि तीन वर्षांच्या आत परत येऊन शिक्षण पुढे सुरू करता येते. मिळवलेले श्रेयांक विद्यार्थ्याच्या खात्यात जमा राहतात.

ज्याला नाइलाजाने थांबावे लागते त्याच्या हाती काहीतरी राहते, हे चांगलेच. पूर्वी एफ.वाय. करून सुटलेल्या मुलाच्या हाती फक्त गुणपत्रिका असायची. पण मला भीती वाटते ती दुसरी. तुमच्याकडची महादेव कोळी आणि ठाकर समाजातली मुले घरच्यांबरोबर मजुरीला नारायणगाव-जुन्नरकडे जातात. त्यांच्या बाबतीत 'बाहेर पडायची सोय' ही 'बाहेर पडायची वेळ' व्हायला उशीर लागणार नाही. शहरातला मुलगा चौथ्या वर्षापर्यंत जाईल आणि राजूरच्या वरच्या पाड्यातला मुलगा पहिल्या वर्षाचे प्रमाणपत्र घेऊन कामाला लागेल. एका वर्षाच्या प्रमाणपत्राला बाजारात काय किंमत मिळणार? म्हणून तुमच्या विद्यार्थ्यांना बाहेर पडण्याचा नियम सांगाल, तेव्हा परत येण्याचा नियम आधी सांगा, आणि तारखेसह सांगा.

ज्यांना लवकर कमवायचेच आहे त्यांच्यासाठी एक जुना, पक्का मार्ग आहे आणि तो फार कमी सांगितला जातो. दहावीनंतर दोन वर्षांचे आयटीआय. तिथून पात्रता असल्यास तंत्रनिकेतनाच्या पदविकेला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. आणि पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्याही थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. प्रत्येक टप्प्यावर हाताला काम मिळू शकते आणि पुढचा टप्पा खुला राहतो. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजची मूळ कल्पना महाराष्ट्रात खऱ्या अर्थाने कुठे उतरली असेल, तर ती इथे. कला आणि वाणिज्य शाखेला असाच मार्ग नाही, ही आपल्या धोरणातली मोठी उणीव आहे.

आणि ज्या मुलींचे शिक्षण लग्नाने किंवा कामाने तुटले, त्यांना नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र दाखवा. १९८९ पासून हे विद्यापीठ राज्यभर पोचले आहे. शिक्षण तुटलेल्यांना पुन्हा आत घेण्यासाठीच ते निघाले.

प्रश्न : पुतणी बारावी विज्ञानाला आहे. तालुक्याच्या कॉलेजात घालायची ठरवली, तर आधी काय बघावे? शिष्यवृत्तीचे काही कळत नाही.
— एक शेतकरी, नेवासा तालुका

उत्तर : इमारत आणि फलक बघू नका. कॉलेजात जाऊन तिच्या विषयाला कायम प्राध्यापक किती आणि सीएचबीवर किती, हे विचारा. निवडलेली तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित, तिन्ही वर्षांची फी किती, हे लेखी मागा. नॅकचा अहवाल कॉलेजच्या संकेतस्थळावर असतो. त्यातला ग्रंथालयाचा, प्रयोगशाळेचा आणि पुढील शिक्षणाला गेलेल्या विद्यार्थ्यांचा भाग वाचून घ्या. 'कमवा व शिका' योजनेत मुलींना काम मिळते का, तेही विचारा. आणि प्रात्यक्षिक संपल्यावर गावाकडे शेवटची एसटी किती वाजता आहे, हे स्वतः आगारात जाऊन पाहा. विज्ञानाच्या मुलींचे प्रात्यक्षिक बुडते ते याच कारणाने.

राज्य शासनाच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरायचे असतात. उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते, आणि लागू असेल तर जात प्रमाणपत्र व नॉन-क्रीमीलेअर, हे तयार ठेवा. आरक्षित प्रवर्गातून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचे असेल, तर जात पडताळणीचा अर्ज बारावीतच करा. निकालानंतर धावपळ केली, की हातची जागा जाते. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर स्वाधार योजना आहे. आदिवासी विद्यार्थ्यांना स्वयं योजना. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना २०२४ पासून शैक्षणिक शुल्क पूर्ण माफ झाले आहे, पण ती सवलत व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. तेव्हा पुतणीला फार्मसी, नर्सिंग, कृषी किंवा अभियांत्रिकीत गोडी असेल, तर 'परवडणार नाही' असे आधीच ठरवून तिला साध्या बी.एस्सी.ला घालू नका. सीईटीचा अर्ज भरा. त्याची मुदत बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी संपते.